उंदराला घाई लागते का?

माऊसच्या मूत्राशयात तीन-चार थेंब लघवी मावते. रॅटच्या मूत्राशयात अर्धा ते एक मिलिलिटर आणि माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर सहज. घरात आपण पहिल्या दोघांनाही उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत छोटा तो माऊस, मोठा तो रॅट. या दोघांकडे बघून तिसऱ्याच्या आजाराबद्दल खरं काय सांगता येतं, या एका प्रश्नात माझं नोकरीतलं बहुतेक आयुष्य गेलं.

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतली तेव्हा हृदय, मेंदू अशा मानाच्या अवयवांवर काम करायला मिळावं अशी इच्छा होती. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत रुजू झाले, तिथे लघवीच्या तक्रारींवर औषध शोधणारा लहानसा गट होता आणि जागा तिथेच रिकामी होती. पुढे दुसऱ्या गटात जायची संधी आली, तेव्हा मी गेले नाही. त्याचं एक कारण घरातच होतं. माझी काकू एसटीनं कोल्हापूरला निघायची असली की आदल्या रात्रीपासून पाणी सोडायची. थोरले काका लग्नाच्या कार्यालयात शिरले की आधी बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवत आणि त्याच बाजूची खुर्ची धरत. दोघांनीही याबद्दल कधी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. मी कशावर काम करते हे कळल्यावर काकूनं एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "अगं, लागली की दमच धरवत नाही. वयानं होतं का गं हे?"

तिच्या या 'दम धरवत नाही'ला डॉक्टर 'अर्जन्सी' म्हणतात. अचानक येणारी, पुढे ढकलता न येणारी लघवीची घाई. अतिसक्रिय मूत्राशय या दुखण्याचं हेच मुख्य लक्षण, आणि ते फक्त रुग्णाच्या तोंडून कळतं. रॅट तोंडानं काही सांगत नाही. त्याच्याकडून आपल्याला मिळते ती दाबाची एक रेघ.

ती रेघ मिळवण्याच्या पद्धतीला सिस्टोमेट्री म्हणतात. कल्पना साधी आहे: मूत्राशय हळूहळू भरायचं आणि भरताना आतला दाब मोजत राहायचा. हात बसायला मात्र फार वेळ लागतो. भूल दिलेल्या रॅटच्या ओटीपोटावर मधोमध लहानसा छेद घेतला की मूत्राशय समोर येतं. रिकामं असेल तर फिकट गुलाबी आणि सुरकुतलेलं. भरलेलं असेल तर भिंत इतकी पातळ होते की आतल्या लघवीचा पिवळसरपणा बाहेरून दिसतो. पॉलिथिनची बारीक नळी घ्यायची आणि तिचं टोक ज्योतीजवळ नेऊन किंचित फुलवायचं, म्हणजे ती आतून निसटत नाही. मूत्राशयाच्या माथ्यावर गोल टाका घालून ठेवायचा, मधोमध सुईनं छिद्र पाडायचं, नळी आत सारायची आणि टाका आवळायचा. हात जड पडला तर माथ्याची जागा मरते, हलका राहिला तर सलाइन झिरपतं. नळीचं दुसरं टोक कातडीखालून सरकवत मानेच्या मागे बाहेर काढतात, कारण तिथे रॅटचे दात पोचत नाहीत. मग वेदनाशामक, उबदार पिंजरा आणि काही दिवस विश्रांती.

प्रयोगाच्या दिवशी त्या नळीला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावायचा. एका बाजूनं सिरिंज पंप कोमट सलाइन सोडत राहतो. रॅटला मिनिटाला एक दशांश मिलिलिटर किंवा त्याहून कमी, माऊसला त्याच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शानं. दुसऱ्या बाजूला दाब टिपणारा ट्रान्सड्यूसर. नळीत हवेचा बारीकसा बुडबुडा राहिला तरी दाबाचा सुळका बोथट होतो, म्हणून जोडण्याआधी सगळी नळी उजेडाकडे धरून बोटानं टिचक्या मारत तपासायची. पिंजऱ्याच्या जाळीखाली संवेदनशील तराजू असतो. थेंब पडला की त्याचं वजन संगणकावर चढतं. पडद्यावर रेघ आधी जवळजवळ आडवी धावते. मूत्राशय भरत असतं, पण भिंत सैलावत जाते आणि दाब फारसा वाढत नाही. मग एक लहानसा चढ, आणि एकाएकी रेघ पाण्याच्या तीस-चाळीस सेंटीमीटर दाबापर्यंत उसळते. तराजूवर थेंब पडतात, रेघ खाली येते, पुन्हा आडवी. निरोगी रॅटमध्ये हे चक्र विलक्षण नियमित चालतं. दोन सुळक्यांमधलं अंतर, सुळक्याची उंची, मागे उरलेली लघवी, न गळता मध्येच येणारी बारीक आकुंचनं: औषधानं काय केलं ते यावरून ठरतं.

रॅटच्या त्या सुळक्याच्या माथ्यावर करवतीचे दाते असावेत तशी थरथर दिसते. ती उपकरणाची नसते. लघवी करताना रॅटच्या मूत्रमार्गाभोवतीचा स्फिंक्टर, म्हणजे तो मार्ग आवळणारा स्नायू, सेकंदाला चार ते आठ वेळा आवळतो आणि सुटतो, आणि त्या झटक्यांनी लघवी पुढे ढकलली जाते. माणसात याच्या नेमकं उलट होतं. आपला स्फिंक्टर त्या वेळी पूर्ण सैल पडायला हवा. तो आवळला तर तो आजार. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक इथल्या डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की तीन किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना, कुत्र्यापासून हत्तीपर्यंत, मूत्राशय रिकामं करायला साधारण एकवीस सेकंद लागतात. उंदरासारखे छोटे जीव या नियमात बसतच नाहीत. इतक्या बारीक नळीतून धार निघत नाही, थेंबच पडतात, आणि ते क्षणात संपतं. म्हणजे मूत्राशय तेच, मज्जातंतू तेच, पण बाहेर पडण्याचं सगळं यंत्र वेगळं. मूत्रमार्गावर काम करणारं औषध असेल, तर रॅटवरच्या निष्कर्षाकडे मी आजही दोनदा बघते.

भुलीचंही तसंच. केटामीन किंवा आयसोफ्लुरेन दिलं की लघवीचा प्रतिक्षेप मंदावतो किंवा बंदच पडतो. युरेथेन दिलं तर रॅट गाढ झोपतो आणि तरी मूत्राशय आपलं चक्र चालू ठेवतं. पण युरेथेन कर्करोगकारक आहे, त्यामुळे प्राण्याला पुन्हा शुद्धीवर आणायचं नसेल अशाच प्रयोगात ते वापरतात. जागा असलेल्या प्राण्यावर मोजावं तर तो अंग चाटतो, मागच्या पायांवर उभा राहतो, शिंकतो, आणि प्रत्येक हालचालीचा काटा रेघेवर उमटतो. म्हणून कुणीतरी तासन्‌तास समोर बसून त्याच्याकडे बघत राहावं लागतं. ते बसणं मला आवडायचं. कॅमेरे आल्यावरही मी ते सोडलं नाही.

भूल दिली की हे चक्र का थांबतं, याचं उत्तर मेंदूच्या बुंध्यात आहे. लंडनचे शल्यचिकित्सक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्स या भागात एक जागा आहे. ती दोन्ही बाजूंनी निकामी झाली की मांजराला मूत्राशय रिकामं करता येत नाही. तिला आज बॅरिंग्टनचं केंद्रक म्हणतात. माणसात तीच जागा तेच काम करते हे प्रत्यक्ष दिसायला १९९७ उजाडलं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या ब्लॉक आणि होल्स्टेगे यांच्या गटानं स्वयंसेवकांना पेट स्कॅनरमध्ये झोपवून तिथेच लघवी करायला सांगितलं आणि पॉन्समधला तो ठिपका उजळलेला पाहिला. मांजर ते माणूस, बहात्तर वर्षं. या क्षेत्रात प्राण्यांनी खरं सांगितलं त्याचं मी देत आलेलं हे पहिलं उदाहरण.

प्राणिगृहात काम करणाऱ्या माणसांबद्दल शोधनिबंधांत एक ओळही नसते. आमच्याकडे जे मामा होते ते मावळातले, घरची भातशेती. पिंजऱ्यातलं तूस बदलताना ते मूठभर तूस नाकाशी नेत आणि सांगत, "ताई, हिची लघवी आज येगळी हाये." तपासणीची पट्टी बुडवली की बहुतेक वेळा रक्त किंवा साखर निघायची. माऊसच्या पिंजऱ्यात आम्ही तळाला फिल्टर पेपर घालायचो आणि नंतर तो अतिनील दिव्याखाली धरायचो. लघवीचे डाग निळसर चमकतात. किती डाग, केवढे, कोपऱ्यात की सगळीकडे, ते मोजायचं. प्राण्याला सुईचा स्पर्शही करावा लागत नाही, म्हणून ही पद्धत मला सगळ्यात सज्जन वाटते. पण तिचा अर्थ लावताना उंदराचा स्वभाव माहीत असावा लागतो. १९७३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं होतं की वरचढ नर आपली हद्द आखत पिंजराभर बारीक बारीक थेंब टाकतो, आणि दबलेला नर कोपऱ्यांत मोजकेच मोठे डाग करतो. कागद बघून कुणी म्हणेल, पहिल्याचं मूत्राशय अतिसक्रिय आहे. ते तसं नसतं. तो मालकी सांगत असतो. मामांना हा निबंध माहीत असायचं कारण नव्हतं, पण कुठल्या पिंजऱ्यात दादागिरी चालते ते त्यांना शेपटीवरच्या चाव्यांवरून कळायचं, आणि नर वेगळे करायची सूचना त्यांच्याकडूनच यायची.

गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी आणि दिवाळीच्या रात्री आम्ही मोजमाप ठेवत नसू. ढोल-ताशांचा हादरा भिंतीतून येतो आणि रेघ दचकते. अँजेलो मोस्सो आणि पेल्लाकानी या इटालियन संशोधकांनी १८८२ सालीच नोंदवून ठेवलं आहे की नुसता आवाज झाला, स्पर्श झाला तरी मूत्राशयातला दाब बदलतो. हा अवयव ऐकतो, घाबरतो, हे मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

मज्जारज्जूला इजा केलेल्या रॅटचा अभ्यास आमच्याकडे आला तेव्हा या कामाचं वजन मला खऱ्या अर्थानं कळलं. छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला की मेंदूचा आणि मूत्राशयाचा संबंध संपतो. मागचे पाय लुळे पडतात, ते दिसतं. मूत्राशय मुकं होतं, ते दिसत नाही. लघवी साठत जाते, आणि हातानं रिकामं केलं नाही तर ताणून भिंत फाटते किंवा मूत्रपिंडं जातात. म्हणून सकाळ, दुपार, रात्र प्रत्येक रॅटचं मूत्राशय हातानं दाबून रिकामं करावं लागतं. सुट्टी, सण, पाऊस, कशाचीही सबब चालत नाही. मऊ टॉवेलात तिला गुंडाळायचं, डाव्या तळव्यावर छाती टेकवायची आणि उजव्या अंगठ्यानं व तर्जनीनं ओटीपोट चाचपायचं. भरलेलं मूत्राशय बोटांना टपोऱ्या द्राक्षासारखं लागतं. वरून खाली, सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. आधी काहीच होत नाही, मग स्फिंक्टर हार मानतो आणि बोटांवर ऊन लघवी येते. सुरुवातीचे दिवस ती लालसर असते. वास उग्र झाला की जंतुसंसर्ग समजायचा आणि प्रतिजैविक सुरू करायचं. रिकामं झालं की तीच रॅट हातात सैल पडते, मिशा हलवायला लागते.

दोनेक आठवड्यांनी तिचं मूत्राशय पुन्हा आपणहून आकुंचन पावू लागतं, पण मेंदूविना. मूत्राशय आवळतं तेव्हाच स्फिंक्टरही आवळतो, दोघांची झोंबी लागते आणि लघवी अर्धवटच होते. हा नवा प्रतिक्षेप कुठून येतो ते समजण्यासाठी पिल्लांकडे बघावं लागतं. नुकत्याच जन्मलेल्या रॅटच्या किंवा मांजराच्या पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही. आई त्याचा मागचा भाग चाटते आणि त्या स्पर्शानं, केवळ मज्जारज्जूच्या पातळीवर, मूत्राशय रिकामं होतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूकडची वाट पक्की झाली की ही पहिली वाट मागे पडते. मज्जारज्जू तुटला की तीच पुन्हा वर येते. मामांनी हे वाचलेलं नव्हतं, पण दाबण्याआधी ते ओल्या कापसानं रॅटचा मागचा भाग हळूच पुसायचे आणि म्हणायचे, "आई चाटती तसं करायचं, ताई." त्यांच्या हातात लघवी लवकर सुटायची. त्यांचं बघून आम्ही सगळेच तसं करू लागलो.

पिट्सबर्गच्या विल्यम द ग्रोट यांनी मांजरांवर दाखवलं की निरोगी प्राण्यात मूत्राशय भरल्याची खबर एका जातीचे तंतू नेतात, आणि मज्जारज्जू तुटल्यावर एरवी गप्प असणारे बारीक सी-तंतू ते काम हाती घेतात. मिरचीतलं कॅप्सेसिन या सी-तंतूंना बधिर करतं. त्या धाग्यावरून लंडनमध्ये क्लेअर फाउलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली काही रुग्णांच्या मूत्राशयात कॅप्सेसिनचं द्रावण सोडून बघितलं, आणि त्यांचं गळणं कमी झालं. आज त्या जागी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं आली आहेत. अमेरिकेत मज्जासंस्थेच्या आजारातल्या मूत्राशयासाठी त्यांना २०११ साली मान्यता मिळाली. खडकीला पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे मी एकदा गेले होते. चाकाच्या खुर्चीतल्या एका जवानानं मला त्याचं घड्याळ दाखवलं. दर काही तासांनी गजर होतो आणि तो स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करतो. जॅक लापिडीस यांनी मिशिगनमध्ये १९७२ साली रूढ केलेली ही स्वच्छ नळीची पद्धत आहे. पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी बहुतेक जण जखमेनं नव्हे, तर शय्याव्रणांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं गेले. तो जवान म्हणाला, "मॅडम, पाय नाहीत याची सवय होते. कपडे ओले होतील या भीतीची होत नाही." प्राणिगृहात रात्रीच्या पाळीला रॅट हातात घेताना मला ते वाक्य आठवत असे.

रॅटचं वाक्य मात्र मला कधी ऐकू आलं नाही, आणि हे मला आमच्या प्राणी नैतिकता समितीतल्या एका बाईंनी नीट दाखवून दिलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेत अशी समिती असावी लागते आणि तिच्यात विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक भान असलेला सदस्य असतो. आमच्याकडच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. प्रस्ताव होता सायक्लोफॉस्फामाइडचा. हे कर्करोगावरचं औषध. शरीरात त्याच्यापासून ॲक्रोलिन तयार होतं, ते लघवीवाटे मूत्राशयात येतं आणि अस्तर जाळतं. रुग्णांना म्हणूनच त्याबरोबर मेस्ना देतात. रॅटला सायक्लोफॉस्फामाइड दिलं की काही तासांत ती वारंवार, थोडी थोडी लघवी करू लागते, आणि मूत्राशयाच्या दाहाचं व घाईचं मॉडेल म्हणून हे जगभर वापरतात. बाईंनी सगळा अर्ज वाचला होता. त्यांनी विचारलं, "उंदराला घाई लागते हे तुम्हाला कसं कळतं?"

खोलीत मूत्रविकारांवर काम केलेले तिघे होतो. मी उत्तर दिलं की घाई कळत नाही, दोन लघवींमधलं अंतर कमी झालेलं कळतं. "मग अर्जात तसंच लिहा ना," त्या म्हणाल्या. "आणि त्याला दुखतं का, ते कळतं का?" ते मात्र थोडं कळतं. अंग आक्रसून बसणं, डोळे मिटून घेणं, केस पिंजारणं, यांना गुण देऊन वेदना मोजतात. त्या गुणांची मर्यादा कुठे ओलांडली की प्रयोग थांबवायचा, ते त्यांनी आमच्याकडून त्याच बैठकीत लिहून घेतलं, आणि प्राण्यांची संख्या हिशेब मांडून खाली आणायला लावली. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व हेच आहे: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरायचाच तर कमीत कमी, आणि त्याला कमीत कमी त्रास होईल असा. आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. बाई ते मनापासून मानत होत्या.

घाई आणि अंतर यांतला हा फरक शब्दांपुरता नाही. रॅट कुठे माणसासारखी आणि कुठे नाही, याची औषधाच्या नशिबाशी गाठ आहे. रॅटच्या मूत्राशयाची बारीक पट्टी कापून क्रेब्जच्या द्रावणात, सदतीस अंशांवर, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत टांगली आणि विजेचा झटका दिला की ती आकुंचन पावते. ॲट्रोपिन घातलं की ॲसिटिलकोलिनचा परिणाम बंद होतो, तरीही रॅटची पट्टी बऱ्याच जोरानं आवळत राहते, कारण तिच्या मज्जातंतूंतून एटीपीही बाहेर पडतं आणि तेही स्नायूला आवळायला लावतं. निरोगी माणसाच्या मूत्राशयाच्या पट्टीवर ॲट्रोपिन घातलं तर ती जवळजवळ निपचित पडते. आणि अडथळ्यामुळे थकलेल्या किंवा अतिसक्रिय झालेल्या मानवी मूत्राशयात हा एटीपीचा वाटा पुन्हा दिसू लागतो. म्हणजे या एका बाबतीत निरोगी रॅट आजारी माणसासारखी वागते. हे माहीत नसेल तर रॅटवर सपशेल पडलेलं औषध माणसात चालेल आणि रॅटवर गाजलेलं माणसात पडेल. पोटॅशियम वाहिन्या उघडणाऱ्या औषधांचं तसंच झालं. प्राण्यांत त्यांनी मूत्राशय छान शांत केलं, माणसांवरच्या चाचण्यांत त्यांचा टिकाव लागला नाही. बीटा-३ ग्राहीवर काम करणारं मिराबेग्रॉन टिकलं, त्याला २०११ साली जपानमध्ये आणि २०१२ साली अमेरिकेत बाजारात यायला मान्यता मिळाली. माणसाच्या मूत्राशयात सैलावण्याचं काम मुख्यतः याच ग्राहीकडे आहे. रॅटमध्ये बीटा-२ देखील त्यात मोठा वाटेकरी असतो. नुसत्या रॅटवर विसंबून राहिलं असतं तर बीटा-३ चं महत्त्व कमीच लेखलं गेलं असतं, असं मला वाटतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतीचा तुकडा, रुग्णाच्या संमतीनं, शेजारच्या टाकीत टांगण्याची सोय ज्या प्रयोगशाळेत आहे तिच्या निष्कर्षांवर म्हणूनच माझा जास्त विश्वास बसतो.

प्रोस्टेटचं मॉडेल हा याहून नाजूक भाग. माणसात वय वाढतं तशी प्रोस्टेट मूत्रमार्गाला आवळते आणि मूत्राशयाला वर्षानुवर्षं जोर लावावा लागतो. रॅटच्या प्रोस्टेटची रचना वेगळी, ती तशी आवळत नाही. म्हणून मूत्रमार्गाभोवती रेशमाचा टाका घालून तो अर्धवट आवळतात, आणि बहुतेक प्रयोगशाळा हे मादीत करतात, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड आणि सरळ असतो. काही आठवड्यांत मूत्राशय वजनानं दुपटीच्या वर जातं. पुरुषांचा, म्हातारपणाचा, हळूहळू वाढणारा आजार आणि त्याचं मॉडेल तरुण मादीत एका सकाळी उभं केलेलं. स्नायू जोर लावून लावून कसा जाडावतो आणि पुढे कसा हरतो, हे त्यातून उत्तम कळतं. थोरल्या काकांना रात्री चार वेळा का उठावं लागतं, ते त्यातून कळत नाही.

आणि तरीही प्राण्यांशिवाय भागत नाही, हे मी ठामपणे म्हणते. २०२० साली 'नेचर'मध्ये पिएझो-२ या प्रथिनावरचा अभ्यास आला. ज्या अर्डेम पातापूतियन यांना पुढच्या वर्षी नोबेल मिळालं त्यांच्या प्रयोगशाळेचा त्यात सहभाग होता. ताण पडला की हे प्रथिन उघडतं. माऊसमध्ये मूत्राशयाच्या अस्तरातून आणि तिथल्या मज्जातंतूंतून ते काढून टाकलं, तेव्हा मूत्राशय भरल्याची खबर नीट पोचेना. त्याच अभ्यासात, जन्मतःच ज्यांच्यात हे प्रथिन काम करत नाही अशा माणसांना विचारलं गेलं. त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं की लघवी लागल्याचं आम्हाला कळतच नाही. काही घड्याळ बघून जातात. माऊसनं यंत्र दाखवलं, माणसांनी ते कसं जाणवतं ते सांगितलं. एका निबंधात दोन्ही शेजारी वाचताना मला फार समाधान वाटलं.

आता हाताखाली येणाऱ्या मुलांच्या अहवालातली 'रॅटला अर्जन्सी आली' अशी वाक्यं मी तांबड्या शाईनं बदलते. 'दोन विसर्जनांतलं अंतर घटलं, दर वेळची मात्रा घटली, न गळणारी आकुंचनं वाढली' असं लिहायचं. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, वाक्य लांबतं म्हणतात. लांबू दे.

सध्या समितीपुढे मधुमेहाचा प्रस्ताव आहे. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि त्यातलं मूत्राशय आधी चिडचिडं होतं, मग वर्षांमागून वर्षं सुस्त होत जातं. भरल्याचं कळेनासं होतं, लघवी मागे उरते, जंतुसंसर्ग होतो. रॅटला स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारल्या की असाच क्रम काही आठवड्यांत दिसतो. पण तो आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा मधुमेह नव्हे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं, ते लागू पडत नाही. दुसरी अडचण अशी की मधुमेही रॅट खूप पाणी पितात, खूप लघवी करतात, आणि नुसत्या त्या पाण्यानंही मूत्राशय मोठं होतं. म्हणून तिसरा गट ठेवावा लागतो: मधुमेह नसलेले, पण साखरेचं पाणी पिऊन तेवढीच लघवी करणारे रॅट. त्या गटामुळे प्राण्यांची संख्या वाढते. तो टाळला तर मूत्राशय साखरेनं बिघडलं की पाण्यानं, हे कधीच कळणार नाही आणि बाकीच्या गटांतले प्राणीही वाया जातील. त्या निवृत्त बाई अजून समितीवर आहेत. पहिलं वाचन झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की या तिसऱ्या गटाला मूत्राशयात नळी बसवायची गरज आहे का, की नुसत्या फिल्टर पेपरवर भागेल. मी त्या प्रश्नावर आठवडाभर आकडेमोड करते आहे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे मूत्राशय चिडचिडं असताना, भागेल असं दिसतं आहे. उशिराच्या टप्प्यात मागे किती लघवी उरते ते कागदावरून कळत नाही. तिथे अल्ट्रासाऊंडनं माप घेता येईल का, ते बघायला उद्या सकाळी मी रेडिओलॉजीच्या लोकांना भेटणार आहे.